पाटीवरची मुदत

पुणे, ७ एप्रिल २००२

प्रिय तृप्तीताई,

सप्रेम जयभीम.

डब्यात हातात मावणारा एक छोटा संगणक आहे. आमच्या ऑफिसने जुने काढून टाकले, त्यातला एक मी घेतला. मोठे बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यापासून विहारात पेपर वाचून दाखवतात आणि करडीत पेपर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो, असं तूच लिहिलं होतंस. म्हणून पाठवते आहे.

नीट समजून घे. हा फोन नाही. याच्यात इंटरनेट नाही. इंटरनेट असलेल्या मोठ्या संगणकाला सोबतचं स्टँड जोडून त्यावर हा ठेवला की तो वेबसाइटची पानं स्वतःत उतरवून घेतो. याला सिंक म्हणतात. मग तो कुठेही नेला तरी ती पानं वाचता येतात. मात्र ती त्या घटकेची पानं असतात. मागाहून वेबसाइटवर काही बदललं तर याला ते कळत नाही.

सिंक भंडाऱ्याजवळच्या शहापूरला होऊ शकेल. कवडूकाकांचा चंद्रकुमार तिथे कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो आणि दर शनिवारी गावी येतो, असं तुझ्या मागच्या पत्रात होतं. त्याला विचार. मी त्याला ओळखत नाही, तेव्हा यंत्र देताना त्याच्याकडून पावती लिहून घे.

दोन बारीक सेल लागतात. बदलताना एका मिनिटात बदलायचे. सेल पूर्ण संपले तर आतलं सगळं पुसलं जातं, आणि ते परत कुणालाही काढता येत नाही.

मोठ्या आईचा पाय कसा आहे?

तुझी,
प्रतिक्षा


करडी, २१ एप्रिल २००२

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम. यंत्र पोचलं. त्याला इथे 'पाटी' नाव पडलं आहे.

पावतीचं चंद्रकुमारला सांगितलं तर म्हणतो, "पावती कायले? मी काय पाटी घेऊन पळून जाऊन राहिलो का?" पण लिहून दिली. क्लासच्या छापील कागदावर, तारखेसह.

पहिल्या शनिवारी विहारात पन्नासेक माणसं जमली. बाबांनी चष्मा पुसून पाटी उघडली तर मराठीच्या जागी सगळ्या रिकाम्या चौकटी. तेजरामकाका मागून म्हणाले, "पोरीनं चौकटीच पाठवल्या का जी? बातम्या आपणच भरायच्या?" शेवटी बाबांनी इंग्रजीतला क्रिकेटचा स्कोअर वाचला. त्यावरही लोक खूश झाले. चंद्रकुमारला काही जमेना, तू बघ.

आता माझं. भंडाऱ्याला एका ट्रस्टच्या केंद्रात नर्सिंगचं प्रशिक्षण आहे. जाहिरातीचा कागद गावात एकच, तोही चंद्रकुमारच्या वहिनीकडे, कामिनीकडे. म्हणून माझ्या शब्दांत उतरवते:

'नर्सिंग प्रशिक्षण. बारावी झालेल्या बाया चालतील. वय तीसच्या आत. सोबत रहिवासी दाखला आणि जन्मतारखेचा पुरावा. अर्ज स्वतः येऊन द्यावा, टपालाने घेणार नाहीत. मुदत ३१ मेपर्यंत.'

मला जानेवारीत तीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. जिल्हा तुटून दोन झाल्यापासून जागा वीसच उरल्या आहेत. बालवाडीच्या मानधनावर किती वर्षं काढायची? आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. भरू का?

तुझी,
तृप्ती


पुणे, ५ मे २००२

प्रिय तृप्तीताई,

भर. लगेच. मोठ्या बाबांना नंतर सांग.

चौकटींचं कारण सापडलं. प्रत्येक मराठी पेपरची वेबसाइट स्वतःचा वेगळा फॉन्ट वापरते आणि पाटीकडे त्यातला एकही नाही. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला आहे. तो दर शुक्रवारी माझ्या ऑफिसच्या संगणकावर चालतो, तीन पेपरांची पानं उघडतो, मजकुराची चित्रं करतो आणि इंटरनेटवरच्या एका मोफत जागेत ठेवतो. चंद्रकुमारने सिंक करताना तिथून उचलायची. पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. एकूण चार पानं: तीन बातम्यांची, चौथं सूचना आणि जाहिरातींचं. चित्रांच्या पट्ट्या कापताना ओळीच्या तळाचे उकार थोडे कापले जातात. ते अजून मला दुरुस्त करता आलेलं नाही.

सात चाचण्या कराव्या लागल्या. मजकूर हाताशी होता तो घेतला. पान खरंच नवं उतरलं की जुनंच राहिलं हे खात्रीने कळावं म्हणून दर वेळी त्यात एक गोष्ट बदलत गेले. सातव्या वेळी बरोबर आलं.

मी ११ तारखेला चेन्नईला जाते आहे, कामासाठी, पाच आठवडे. तोवर माझी पत्रं हॉस्टेलवर पडून राहतील. प्रोग्रॅम आपोआप चालेल.

पुन्हा लिहिते. दाखल्याचं काम आधी कर.

प्रतिक्षा


करडी, १९ मे २००२

प्रिय प्रतिक्षा,

अक्षरं दिसली! थोडी पाय तुटलेली, पण दिसली. काल बाबांनी तीन पानं वाचली आणि डोळे थकले म्हणून चौथं माझ्या हातात दिलं. रुखमिणीकाकू, म्हणजे चंद्रकुमारची आई, पहिल्यांदा विहारात आली होती. मुलाने आणलेली पाटी कशी बोलते ते बघायला.

आणि चौथ्या पानावर काय असावं? आमच्याच प्रशिक्षणाची सूचना. मुदत ३० जूनपर्यंत! भाषा बघितलीस का किती सरळ, सरकारी नाही, आपण बोलतो तशी. मी मोठ्याने वाचलं तर बाया टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हा बाबांना कळलं की मी अर्ज करते आहे. रागावले नाहीत. ते पान जपून ठेव म्हणाले. मग चंद्रकुमारने पाटीतच त्याची वेगळी प्रत करून दिली, म्हणजे पुढच्या सिंकमध्ये जाणार नाही.

दाखल्यासाठी मोहाडीच्या तहसील कचेरीत दोनदा जाऊन आले. शाळेच्या दाखल्यावरची माझी जन्मतारीख पुसट झाली आहे, तेव्हा आधी शाळेतून नवीन उतारा आणायचा आहे. मुख्याध्यापक सुट्टीत साकोलीला गेलेत. त्यांच्या घरी जाऊन सही आणणार होते, पण आई म्हणते, "मुदत आहे त कायले उन्हात धावतं?" तिचा पाय पुन्हा सुजला आहे. मुख्याध्यापक परतले की आणेन.

कामिनीने तिचा अर्ज दहा तारखेलाच दिला.

तुझी,
तृप्ती


पुणे, १६ जून २००२

तृप्तीताई,

परवा परत आले. तुझं १९ मेचं पत्र आज वाचलं.

आधी एवढंच सांग: अर्ज दिलास का?

मी ट्रस्टची जाहिरात पेपरच्या वेबसाइटवर शोधली. मुदत ३१ मे. वाढवल्याची सूचना कुठेही नाही. माझ्या मोफत जागेतलं चौथं पानही उघडून पाहिलं. तिथे तशी एक ओळ नाही.

म्हणजे तू वाचलेलं पान माझ्याकडून आलेलं नाही. उलट टपाली कळव.

प्रतिक्षा


करडी, २७ जून २००२

प्रिय प्रतिक्षा,

तुझं पत्र यायच्या आधीच उत्तर मिळालं होतं. दहा जूनला सगळे कागद घेऊन भंडाऱ्याला गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, एकतीस मे होऊन दहा दिवस झाले. तुम्ही कोणत्या कॅलेंडरवर चालता जी?" मी म्हटलं, इंटरनेटवर मुदत वाढलेली वाचली. त्याने शेजारच्याला हाक मारून माझं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. दोघंही हसले.

यादी लागली. कामिनीचं नाव आहे.

मी बालवाडीत जाते आहे. नर्सिंगचा विषय घरात कुणी काढत नाही. आई स्वतःलाच दोष देते.

तू लिहिलंस ते पान तुझ्याकडून आलेलं नाही. मग कुठून आलं?

तृप्ती


पुणे, ४ जुलै २००२

तृप्तीताई,

मी एकेक पायरी तपासली.

पेपरच्या वेबसाइटवर ती ओळ नव्हती. माझ्या जागेत ती नाही. तिथून पुढे पानं शहापूरच्या एका संगणकावर उतरतात, त्या संगणकावरून पाटीत जातात, आणि पाटी करडीला येते. मधल्या दोन्ही जागी माणूस एकच आहे. तो वेबपानं बनवायला शिकवतो. ते पान कायम राहावं म्हणून त्याची प्रतही त्यानेच केली. त्याच्या घरातल्या एका बाईचा त्याच वीस जागांसाठी अर्ज होता, तो आधीच दिलेला होता, आणि गावात दुसरा अर्ज फक्त तुझा होता.

मला कुणावर आरोप करायची हौस नाही. पण दुसरी शक्यता असेल तर मला ती दिसत नाही.

पाटी त्याच्या हातात देऊ नकोस. ती प्रत हाच पुरावा आहे. रजिस्टर पार्सलने माझ्याकडे पाठव. मी आतली फाइल उघडून ती कुठे तयार झाली ते सांगू शकेन. सेल बदलून मग पाठव.

आणि हे पत्र घरातच ठेव.

प्रतिक्षा


करडी, २८ जुलै २००२

प्रिय प्रतिक्षा,

घरात राहिलं नाही. बाबांनी वाचलं. म्हणाले, पन्नास लोकांसमोर खोटं वाचलं गेलं, तर निवाडाही पन्नास लोकांसमोर होईल, पाटी पुण्याला कशाला जाते.

शनिवारी, तेरा तारखेला, चंद्रकुमार नेहमीसारखा पाटी घ्यायला विहारात आला. बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे पान तू केलं का?"

तो म्हणाला, "काका, तुम्ही विचारून राहिले का सांगून राहिले?"

बाबांनी तुझं पत्र वाचून दाखवलं. अख्खं. 'त्याच्या घरातल्या एका बाईचा' हे आलं तेव्हा कामिनीचा नवरा उठला. तेजरामकाकांनी त्याला धरून बसवलं. चंद्रकुमार शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "प्रतिक्षाबाईले मी कधी पाहिलं नाही, तिनं मले पाहिलं नाही. पण मी कसा आहो, ते तिले पुण्यातून दिसते." आणि गेला.

तेव्हापासून त्यांच्या घरचं कुणी विहारात येत नाही. आधी तरी कुठे येत होते, असं इथले काही जण म्हणतात. पण येत होते ना. रुखमिणीकाकू माझ्या शेजारी बसली होती.

कामिनी तलावाच्या पाळीवर भेटली. मी खाली बघून चालले होते. तीच थांबली. "बाई, जागा वीस होत्या. तुमची एक ढापून मले काय भेटणार होतं?"

बाबांनी पाटी विहाराच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. पुढच्या शनिवारी पंचांना ते पान दाखवायचं ठरलं, पण धानाची रोवणी सुरू झाली आणि कुणालाच सवड नव्हती. काल उघडली. सेल मेले होते. नवीन घातले तर पाटी एखाद्या परक्यासारखी म्हणते, या फुलीवर लिहायची काडी टेकवा, आता या फुलीवर. त्यापलीकडे काही नाही. सगळं कोरं.

सेल बदलायचे तू लिहिलं होतंस. किल्ली बाबांकडे होती.

तृप्ती


शहापूर, २० ऑगस्ट २००२

प्रतिक्षाताई यांस,

नमस्कार. आपला पत्ता आपल्याच पहिल्या पार्सलच्या कागदावर होता, त्यावरून लिहीत आहे.

मी तीन गोष्टी मांडतो. मला उत्तर नको, फक्त त्या तपासून बघाव्यात.

एक. खोटं पान बनवणारा माणूस त्याची प्रत जपून ठेवून देत नाही. तो ते पुढच्या सिंकमध्ये पुसलं जाऊ देतो.

दोन. त्या पानावर ओळीच्या तळाचे उकार कापलेले होते. 'पुरावा', 'मुदत', 'जून', सगळ्यांचे. आपल्या प्रत्येक पानावर तसेच असतात. आमच्या क्लासमध्ये मराठीची चित्रं करणारा प्रोग्रॅम नाही. मी मुलांना इंग्रजीतून पानं शिकवतो.

तीन. साखळीत आपण दोन जागा मोजल्या, माझ्या. तिसरी जागा आपली. आपण हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आपण आपली जागा मोजली नाही, एवढंच म्हणतो.

क्लासच्या मालकांपर्यंत गोष्ट पोचली आहे. नोकरी अजून आहे. माझ्या आईने बाहेर जाणं सोडलं आहे.

चंद्रकुमार


पुणे, २८ ऑगस्ट २००२

श्री. चंद्रकुमार यांस,

पत्र मिळालं. नक्कल करणारा उकारही कापू शकतो. माझी जागा मी १६ जूनला तपासली आहे.

प्रतिक्षा


पुणे, ३ नोव्हेंबर २००२

प्रिय तृप्तीताई,

हे पत्र विहारात वाचावं. मागचं जसं वाचलं, तसंच, अख्खं.

तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसचे संगणक बदलले. आधी प्रत्येकाने आपल्या जुन्या फाइली सीडीवर उतरवायच्या होत्या. माझ्या सीडीवर मे महिन्याचं एक फोल्डर निघालं. मी ते पुसलं आहे असं मला पक्कं वाटत होतं. पुसलेलं नव्हतं. आत सात चाचण्या होत्या. सातवीतलं चौथं पान ४ मे रोजी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तयार झालं आहे. त्यावरचा मजकूर जसाच्या तसा देते:

'नर्सिंग प्रशिक्षण. बारावी झालेल्या बाया चालतील. वय तीसच्या आत. सोबत रहिवासी दाखला आणि जन्मतारखेचा पुरावा. अर्ज स्वतः येऊन द्यावा, टपालाने घेणार नाहीत. मुदत ३० जूनपर्यंत.'

चाचणीसाठी मराठी मजकूर हवा होता, जोडाक्षरं आणि आकडे असलेला. हाताशी होता तो घेतला. पान नवं उतरलं की जुनंच राहिलं हे कळावं म्हणून दर वेळी एक गोष्ट बदलत होते असं मी लिहिलं होतं. ती गोष्ट मुदतीची तारीख होती. ५ जून, १० जून, १५ जून, अशी. सातव्या वेळी ३० जून.

हे पान तुमच्यापर्यंत कसं आलं तेही तपासलं. पेपरची वेबसाइट अर्ध्या मिनिटात उघडली नाही, तर माझा प्रोग्रॅम त्या आठवड्याचं नवीन पान करत नाही, पण त्याच चाचण्यांच्या फोल्डरमधलं शेवटचं पान पाठवतो. ते पाठवू नये असं मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. १७ मेच्या शुक्रवारी चौथ्या पानाची वेबसाइट उघडली नाही. काल मी संगणकाची इंटरनेटची तार काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच पान आलं.

१६ जूनला मी माझी जागा तपासली असं म्हटलं होतं. त्या दिवशी तिथे जे पान होतं, ते तपासलं. १७ मेचं पान तोवर चार वेळा नव्या पानांखाली गेलं होतं. जी चूक पाटी करते, शेवटचं उतरलेलं पान तेच खरं मानण्याची, तीच मी केली. पाटीला ते कळत नाही हे तुला मीच पहिल्या पत्रात लिहिलं होतं.

चंद्रकुमारने काहीही केलेलं नाही. पान जसं मिळालं तसं त्याने आणलं. त्याने ऑगस्टमध्ये मला पत्र लिहून नेमकं कुठे बघायचं ते सांगितलं होतं. मी बघितलं नाही, आणि दोन ओळींचं उत्तर दिलं. ते उत्तर चुकीचं होतं, आणि उद्धटही. त्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. त्याच्या क्लासच्या मालकांनाही.

ट्रस्टलाही सगळं कळवलं होतं. तुझ्याकडून चूक झालेली नाही, माझ्याकडून झाली, असं. त्यांचं उत्तर आलं. अर्ज मुदतीनंतरचा आहे, यंदा काही करता येणार नाही.

पाटीतली प्रत पुसली गेली आहे. ही सीडी माझ्या टेबलावर आहे. तिची दुसरी प्रत नाही. ती आज मोडली असती तर हे कधी कुणाला कळलं नसतं. म्हणून हे पत्र आधी पोस्टात टाकते आणि सीडी उद्या रजिस्टरने पाठवते. मोठ्या बाबांच्या नावे नाही. चंद्रकुमारच्या नावे.

तुझी माफी कशी मागायची ते मला कळत नाही.

प्रतिक्षा


करडी, २४ नोव्हेंबर २००२

प्रिय प्रतिक्षा,

जयभीम. काल वाचलं.

बाबांनी हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडे दिलं. म्हणून मी वाचलं. चंद्रकुमारला मी सकाळी त्याच्या घरी जाऊन बोलावून आले होते. रुखमिणीकाकूने चहा ठेवला, पण स्वतः बाहेर आली नाही. कामिनी भंडाऱ्याला असते आता. तिथे पांढरी साडी नेसते म्हणे.

चंद्रकुमार आला, पण दारातच थांबला, चपला घालून. मी मध्ये एकदा अडखळले. लोकांना वाटलं मी रडते आहे. शेजारी बसलेल्या मंगलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

संपल्यावर बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "चंद्रकुमार, मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं." तो म्हणाला, "माहीत आहे, काका." मग तेजरामकाकांनी पाटीचं काय करायचं ते विचारलं. ती तशीच फुल्या दाखवत पडली आहे.

"नेतो," तो म्हणाला. "दर शनिवारी आणतो. पण यावेळी पावती मले पाहिजे. पुण्याची सही पाहिजे. जे दिलं तेच यानं आणलं, असं दर आठवड्याचं." आणि आत न येताच गेला. तेव्हा प्रोग्रॅम आता दर सोमवारी चालव आणि त्याच दिवशी एक पोस्टकार्ड टाक, म्हणजे ते शनिवारपर्यंत पोचेल. चारही पानांतली पहिली ओळ लिहायची आणि खाली सही. शनिवारी पाटी उघडायच्या आधी आम्ही कार्ड वाचू. कार्ड आलं नसेल तर पाटी उघडणार नाही. बाबांनी हे वहीत लिहून घेतलं आहे.

आता मी का अडखळले ते. मी रडत नव्हते. 'बारावी झालेल्या बाया चालतील' इथे थांबले होते.

जाहिरातीत असं नव्हतं. तिथे 'इच्छुक महिला उमेदवारांनी' असं काहीतरी होतं. 'बाया चालतील' मी लिहिलं. तुला. २१ एप्रिलच्या पत्रात, दुसऱ्या पानावर. ते पत्र तुझ्याकडे असेलच, तू काही टाकत नाहीस. काढून बघ. तारीख सोडली तर सगळं माझं आहे.

तू 'मजकूर हाताशी होता' असं मे महिन्यात लिहिलंस आणि आता या पत्रातही लिहिलंस. सहा वाजून चाळीस मिनिटं लिहिलीस. कुणाचं पत्र हाताशी होतं, ते मात्र लिहिलं नाहीस. विसरलीस की झाकलंस, हे मला इथून दिसत नाही, आणि तुझ्यासारखं न बघता ठरवायचंही नाही.

माझं मी सांगते. मे महिन्यात मी माझंच वाक्य हातात धरून पन्नास माणसांना वाचून दाखवलं आणि ओळखलं नाही. भाषा किती सरळ आहे म्हणून तुला कौतुकानं कळवलंसुद्धा. तेच वाक्य माझ्या वहीत असतं, तर मी तारीख पुन्हा विचारून आले असते. आईचं न ऐकता साकोलीला जाऊन सही आणली असती. ते पाटीवर होतं म्हणून मी घरी बसले.

पहिल्या पोस्टकार्डवर चार ओळींच्या खाली एक ओळ जास्तीची लिही. माझ्या प्रश्नाचं उत्तर. मोठ्याने वाचणार नाही.

तुझी,
तृप्ती